एकतिसावं वल्हं

गुरुवारी संध्याकाळी सहाला तोफ झाली आणि सेंट ऑसिथ कॉलेजची नाव सुटली. एकतीस वल्ही पडली. बत्तिसावं पडलंच नाही.

आठ जणांच्या नावेत एकाच्या पाठीकडे बघून बाकीचे सात जण वल्हवतात. ताल त्याचा. तो होता कप्तान जर्व्हेस वेनॉर. एकतिसाव्या वल्ह्याला तो पुढे झुकला आणि झुकलेलाच राहिला. मागून सुटलेली नाव धाडकन येऊन आदळली, आणि या शर्यतीत मागच्याने गाठलं की हरलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा ऑसिथचं नाव कॅम नदीवर पहिलं लागणार होतं, ते मिनिटाभरात पाण्यात गेलं.

वेनॉरला काठावरच्या गवतात आडवं केलं. डॉक्टर इंगल यांनी त्याची पापणी उचलली. आतली बाहुली टाचणीच्या डोक्याएवढी झाली होती.

"अफू," डॉक्टर म्हणाले. "कुणीतरी पाजलीय."

मग सगळ्यांच्या कोटांची झडती झाली. सुकाणू धरणाऱ्या एनॉक हेलॉकच्या कोटात अफूच्या अर्काची बाटली सापडली, आणि तीही अर्धी रिकामी. शर्यतीच्या दहा मिनिटं आधी सगळ्यांना वाइन ओतून देणाराही तोच. परवाच सुकाणू वाकडं गेलं म्हणून वेनॉरने साऱ्या चमूसमोर त्याच्या कानाखाली वाजवली होती. आणखी काय हवं? एनॉक फी माफ असलेला विद्यार्थी, आणि गरिबावर आळ घ्यायला पुरावा फारसा लागत नाही. इथे तर तो चांगला ओंजळभर होता.

केझाया पीचीला ही बातमी शुक्रवारी सकाळी कळली. नदीकाठच्या जिन्यावरच्या खोल्या झाडणं, गाद्या घालणं, पाणी भरणं हे बावीस वर्षं तिचं काम. मुलं तिला पीचीबाई म्हणत. गुरुवारी दुपारपासून तिला हिव भरलं होतं, म्हणून ती संध्याकाळी लवकर घरी जाऊन पांघरुणात शिरली होती. हातातली बादली तिने खाली ठेवली. ठेवली नसती तर सांडलीच असती.

एनॉक तिच्या मेलेल्या बहिणीचा मुलगा. हे कॉलेजात फक्त त्या दोघांना ठाऊक होतं. गाद्या घालणारीचा भाचा म्हटल्यावर साहेबांच्या पोरांनी त्याला जगू दिलं नसतं, म्हणून तिनेच त्याला बजावलं होतं की तू मला ओळखत नाहीस. तीन वर्षं तो तिच्यासमोरून मान खाली घालून जात होता. पुढच्या जानेवारीत त्याची गणिताची परीक्षा होती, आणि पहिल्या दहात येईल असं त्याचे गुरुजी म्हणत.

दुपारी तीनला डीन मॅपलटॉफ्ट निकाल देणार होते. कॉलेजच्या पटावरून एनॉकचं नाव काढून टाकायचं, आणि मग पोलीस. आता सकाळचे दहा वाजले होते.

एनॉकची खोली दुसऱ्या जिन्याच्या माळ्यावर, तिच्याबाहेर दरवान बसवला होता. झाडूवाल्या बाईला कोण अडवणार? ती आत गेली आणि दार लावून घेतलं. पोरगं रात्रभर झोपलेलं नव्हतं.

"मावशी, मी नाही केलं."

"ते डीनला सांग. मला सांग, बाटली अर्धी कशी झाली?"

त्याने तोंड उघडून दाखवलं. मागची दाढ काळी पडली होती आणि हिरडी सुजून वर आली होती. पंधरा दिवस रोज दोन थेंब कापसावर घेतोय, म्हणाला. दाढ दुखते म्हटलं तर सुकाणूवरून उतरवतील, आणि चमूच्या पंगतीचं फुकट जेवण जाईल.

"वाइन कुणी कालवली?"

"मीच. अंडी फेटून, एकाच भांड्यात. शर्यत सुटते त्या खांबापाशी आठ ग्लास भरले. कप्तान सगळ्यांत शेवटी घेतो, रिवाजच आहे तो."

"म्हणजे शेवटचा ग्लास कुणाचा, हे तुला ठाऊक होतं."

"मावशी."

"मी नाही, तीन वाजता ते विचारणार आहेत. वेनॉर काय म्हणतोय?"

"आज सकाळी आठला शुद्धीवर आला, दरवान सांगत होता. वाइन कडू लागली, म्हणाला. त्यानंतरचं काही आठवत नाही म्हणे."

तिने झाडू भिंतीला टेकवला. मग तिने विचारलं, "त्याआधी कसा होता तो? नीट आठवून सांग. नावेत तुझं तोंड त्याच्याकडेच असतं ना?"

"बरा होता. सुरुवातीच्या खांबापर्यंत नाव नेली, तेव्हा जांभया देत होता. पण शर्यतीआधी सगळेच देतात, भीतीने. मीही देतो." मग तो खाली बघत म्हणाला, "मला पोलिसात देतील का गं?"

तिने त्याच्या केसांवरून हात फिरवला, झाडू उचलला आणि बाहेर पडली. जिन्यावर हिवाने तिला पुन्हा गाठलं.

हिवावर तिच्याकडे इलाज होता. पाणथळीत जन्मलेल्या माणसाला हिव चुकत नाही, आणि पाणथळीतल्या प्रत्येक घरी त्याचा काढाही असतो. परसातल्या पांढऱ्या फुलांची बोंडं उकळायची, काकवी घालायची आणि रोज दोन घोट घ्यायचे. जिन्याखालच्या कोठीत तिचा पत्र्याचा डबा असे, त्यात आठवड्याचा काढा. नोकरमाणसांनी कोठीत घरचं काही पेय ठेवायचं नाही, असा डीनचा सक्त नियम होता, म्हणून डबा कोळशामागे. पण काल साडेचारला ती धुणं देऊन परतली तेव्हा डबा जवळजवळ रिकामा. झाकणावर चरबीचे डाग. शेजारच्या जिन्यावरची मिसेस डार्बी पाणथळीतलीच, स्वयंपाकघरातून येता-जाता हात मारणारी. पीचीबाईने मनातल्या मनात तिच्या सात पिढ्या उद्धरल्या होत्या.

आता डार्बीशी भांडायला वेळ नव्हता. ती कढत पाणी घेऊन वेनॉरच्या खोलीवर गेली.

वेनॉर आत पडून होता. डॉक्टर इंगल बाहेरच्या खोलीत हात धूत होते. तिने पाणी ओतलं, टॉवेल पुढे केला आणि सहज विचारावं तसं विचारलं, "डॉक्टर, अफू पोटात गेली की माणूस किती वेळात आडवा होतो?"

"रिकाम्या पोटी अर्धा तास. जेवण झालं असेल तर दीड-दोन तास. का हो?"

"आणि दहा मिनिटांत?"

"शक्यच नाही." डॉक्टर टॉवेल घेता घेता थांबले.

"वाइन सहाला दहा कमी असताना दिली. तुम्ही काल तसं बोलला नाहीत."

"मला कुणी विचारलं नाही," डॉक्टर म्हणाले. मग थोडे ओशाळून, "पण त्याने मुलगा सुटत नाही, पीचीबाई. दुपारच्या जेवणाची बिअरही तोच मोजून देतो. डीन म्हणतील, तेव्हा घातली."

"जेवण एकला झालं. तीनला कप्तानाने चमूला मैदानाच्या चार फेऱ्या मारायला लावल्या, आणि स्वतःच सगळ्यांच्या पुढे होता."

डॉक्टरांनी मान हलवली. एकला अफू घेतलेला माणूस तीनला धावत नाही. पण मग तीन ते साडेचार चमूला आपापल्या खोलीत आडवं व्हायचं असतं. बाहेरचं जाड ओकचं दार आतून लावून घ्यायचं. दार लागलं की राणीसाहेब आल्या तरी उघडायचं नाही, असा मुलांचा दंडक. साडेचारनंतर सगळे शर्यतीपर्यंत एकत्र, आणि वाइनखेरीज कुणी काही घेत नाही. म्हणजे अफू त्याच दीड तासात पोटात गेली, आणि त्या दीड तासात त्याच्यापर्यंत पोचणं कुणालाही शक्य नव्हतं.

हे डॉक्टरांनी बोलून दाखवलं. एक कोडं सुटावं तर त्याच्या पोटातून दुसरं निघावं. चॅपलमध्ये अकराचे ठोके पडले.

राहिला क्लेमंट बुलिव्हंट. त्याची खोली वेनॉरच्या बरोबर वर. वेनॉरवर सूड कुणाला उगवायचा असेल तर यालाच. चमूची तालीम म्हणजे अर्धकच्चं मांस आणि दिवसाला दोन ग्लास पेय. त्याहून एक थेंब जास्त नाही. पाण्याने अंग ढिलं पडतं, श्वास लागतो, असं सगळे शपथेवर सांगत, आणि वेनॉर तर सगळ्यांत कडक. मुलांना मोह नको म्हणून त्याने चमूतल्या प्रत्येकाच्या खोलीतला पाण्याचा तांब्या उचलायला लावला होता. आपला सगळ्यांत आधी. आवारात पंप होता, पण भर चौकात, पन्नास खिडक्यांसमोर. तीन आठवड्यांपूर्वी बुलिव्हंटला तहान असह्य झाली आणि तो फुलदाणीतलं पाणी फुलांसकट प्यायला. वेनॉरने त्याला दुसऱ्याच दिवशी नावेतून काढलं, आणि जेवणघरात सगळ्यांसमोर कारण वाचून दाखवलं. तेव्हापासून त्याचं नाव फुलदाणी पडलं होतं.

बुलिव्हंट खिडकीत बसून पाय हलवत होता. शेजारी पाण्याचा भरलेला तांब्या, मुद्दाम सगळ्यांना दिसेल असा ठेवलेला.

"या पीचीबाई. मला पकडायला आलात?"

"काल तीन ते साडेचार कुठे होतात, साहेब?"

"इथेच. कप्तानाच्या डोक्यावर."

"खाली उतरला होतात?"

"उतरलो असतो तर त्याला अफू कशाला पाजली असती? सरळ नदीत बुचकळला असता." तो हसला, पण तिचा चेहरा बघून थांबला. "हेलॉकने केलं नाही, मलाही वाटतं. पण मी तरी काय सांगणार?"

"काही ऐकलंत का? काहीही."

"काहीच नाही. म्हणजे तुम्ही आलात तेवढंच. चारचे ठोके पडून पाच-सात मिनिटं झाली असतील. कोठीची कडी वाजली, मग तुमच्या डब्याचं झाकण खणखणलं."

चारला ती नदीपलीकडे धोबिणीच्या अंगणात चादरी मोजत उभी होती.

"त्याआधी जिन्याचं खालचं दार वाजलं?"

बुलिव्हंटने डोकं खाजवलं. "नाही. ते दार वाजलं असतं तर मेलेला उठला असता. महिनाभर सांगतोय, बिजागरीला तेल घाला म्हणून. छे, नाही वाजलं."

"तुमचे हात बघू, साहेब."

त्याने गोंधळून दोन्ही तळवे पुढे केले. मऊ, गुलाबी, बोटांना शाई. तीन आठवड्यांत वल्ह्याला हात लागला नव्हता.

ती कोठीत आली, डबा कोळशामागून काढला आणि उजेडात धरला. झाकणावर आणि कडीवर चरबीचा करडा थर होता. तिने नाक लावलं. मेंढीची चरबी. स्वयंपाकघरात काल दिवसभर डुकराचं मांस होतं. मेंढीची चरबी वल्हेकरी तळहाताला चोळतात, घट्टे फुटू नयेत म्हणून.

डार्बी नव्हतीच. बाहेरून कुणी आलंच नव्हतं.

ती कोळशाच्या पेटीवर बसली. हिवाचा काढा, काढा असं बावीस वर्षं म्हणता म्हणता तो कशाचा आहे हे ती विसरूनच गेली होती. पाणथळीत तान्ह्या पोरालाही चमचाभर देतात. चमचाभर! आठवड्याचा काढा एका दमात घशाखाली गेला तर?

आता सगळं तिच्या हातात होतं, आणि हात भाजत होते. गप्प बसावं तर पोर तुरुंगात. बोलावं तर नोकरी जाणार, वर्षभराने मिळणारं पेन्शन जाणार. त्याचंही काही नाही. पण एनॉक आपला भाचा आहे हे कुणाच्या कानावर गेलं, तर लोक काय म्हणतील हे तिला स्पष्ट दिसत होतं. मावशीची अफू, भाच्याचा हात. दोघंही आत. जे त्याला सोडवणार तेच त्याला बुडवायला पुरेसं होतं. आपल्या बहिणीची तिला फार आठवण आली. एप्रनने डोळे पुसले आणि ती तीन वाजायची वाट बघत राहिली.

डीनच्या खोलीत डॉक्टर होते, भिंतीजवळ एनॉक उभा होता, आणि आरामखुर्चीत शाल लपेटून वेनॉर. पीचीबाई न विचारता आत आली आणि डबा टेबलावर ठेवला.

"हे काय?" डीन म्हणाले.

"कप्तानसाहेबांनी काल जे घेतलं ते. डॉक्टर, तळाशी थोडं उरलंय, बघा."

डॉक्टरांनी बोट बुडवून जिभेला लावलं. त्यांच्या भुवया वर गेल्या. "अफूची बोंडं. आणि चांगली दाट."

"माझा हिवाचा काढा आहे. कोठीत ठेवायला मनाई आहे, तरी ठेवला. तो गुन्हा माझा, नंतर बोला. आधी ऐकून घ्या."

डीननी तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. बावीस वर्षांत ही बाई त्यांच्यासमोर इतकं बोलली नव्हती.

"वाइनमुळे हे झालं नाही. दहा मिनिटांत अफू चढत नाही, डॉक्टरांना विचारा. वाइनच्या आधीच कप्तानसाहेब जांभया देत होते. जेवणातूनही नाही, कारण तीनला ते धावले. म्हणजे तीन ते साडेचारच्या मधे. तेव्हा ते आपल्या खोलीत, दार आतून बंद. तुम्ही सगळे विचारताय की बंद दारातून आत कोण गेलं. कुणीच गेलं नाही. दार आतूनच उघडलं, आणि ज्यांना बाहेर यायचं होतं ते आले."

वेनॉरने शाल ओढून घेतली.

"चारनंतर कोठीची कडी वाजली, माझ्या डब्याचं झाकण वाजलं. बुलिव्हंटसाहेबांनी ऐकलं, त्यांना वाटलं मीच आले. मी तर नदीपलीकडे होते, फाटकावरच्या वहीत वेळ आहे. जिन्याचं खालचं दार वाजलं नाही, म्हणजे जो होता तो जिन्यावरचाच. तेव्हा जिन्यावर कप्तानसाहेब आणि बुलिव्हंटसाहेब दोघंच होते, बाकीचे नदीवर गेलेले. झाकणावर मेंढीची चरबी आहे. बुलिव्हंटसाहेबांच्या हाताला ती तीन आठवड्यांत लागलेली नाही. मग राहिलं कोण?"

"पण कशासाठी?" डीन म्हणाले. "स्वतःला अफू कोण पाजून घेईल?"

"अफू नव्हती हो प्यायची त्यांना. पाणी प्यायचं होतं." तिचा आवाज थोडा खाली आला. "मे महिन्याचं ऊन, चार फेऱ्या धावून आलेले, आणि जिन्यावर पाण्याचा टिपूस नाही. होतं ते एकट्या बुलिव्हंटसाहेबांकडे, आणि त्यांच्याकडे मागणार कुठल्या तोंडाने? कोठीत डबा दिसला. बाईचा गार चहा असेल, असं वाटलं. घटाघट प्यायले. यात पाप काही नाही, तहान लागली होती. पाप त्याच्या पुढचं आहे. सकाळी आठला शुद्धीवर आल्यावर त्यांना कळलं असणार काय झालं ते. तेव्हा ते म्हणाले, वाइन कडू होती."

तिने डबा वेनॉरच्या पुढे सरकवला.

"कप्तानसाहेब," ती म्हणाली, "एवढंच सांगा. डब्यातलं गोड होतं की कडू?"

वेनॉरने डीनकडे पाहिलं, मग डॉक्टरांकडे. एनॉककडे मात्र त्याला बघवलं नाही. त्याचे ओठ अजून सुकलेले होते.

"गोड," तो म्हणाला.

डीन खाली बसले.

"मी बुलिव्हंटला फुलदाणीसाठी काढलं," वेनॉर पुटपुटला. "साऱ्या जेवणघरासमोर. आणि मी... नोकरबाईच्या डब्यातून... कसा सांगणार होतो मी? हेलॉकची बाटली सापडलीच होती. मला वाटलं, त्याचं एवढं काय जाणार आहे."

"त्याचं काय जाणार आहे," डीननी सावकाश तेच शब्द पुन्हा म्हटले. मग त्यांनी कागद ओढला. वेनॉरची कप्तानी त्याच क्षणी गेली, आणि वर्षभरासाठी त्याला कॉलेजबाहेर काढलं. हेलॉकवरचा आळ जेवणघरात सगळ्यांसमोर मागे घ्यायचं ठरलं. डॉक्टरांनी एनॉकच्या पाठीवर हात ठेवला आणि दाढ उद्याच काढू म्हणाले. पोरगं हसलं नाही की रडलं नाही. ते मावशीकडे बघत होतं.

डीन तिच्याकडे वळले. "पीचीबाई, नियम तुम्हाला ठाऊक आहे. एक मुलगा मरता मरता वाचला. तुम्हाला ठेवता येणार नाही. पेन्शनही नाही."

"ठाऊक आहे."

"मग गप्प का नाही बसलात? डब्यात काय होतं ते कुणालाच माहीत नव्हतं." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "हा हेलॉक तुमचा कुणी लागतो का?"

एनॉक भिंतीपासून पुढे आला. त्याने तोंड उघडलं होतं.

"नाही हो," पीचीबाई पटकन म्हणाली. "कुठला कोण पोरगा. पण माझ्या डब्यापायी परक्याचं लेकरू बुडालं, तर वर जाऊन काय सांगू?"

तिने एनॉककडे एकदाच पाहिलं. लहानपणी चुलीजवळ जाऊ नको म्हणून बघायची, तसं. तो जागीच थांबला. तो हुशार होता, गणितातला होता. एका शब्दाने काय काय ढासळेल, याचा हिशोब त्याला करता आला.

तिने किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवला, डबा उचलला आणि दाराकडे गेली. डबा धरलेल्या हाताने दाराची मूठ काही फिरेना. एनॉक पुढे झाला आणि त्याने दार उघडून धरलं. तिच्या खांद्याला त्याचा खांदा लागत होता.

"मी तुमचा आभारी आहे, पीचीबाई," तो म्हणाला. आवाज फुटला, पण शब्द बरोबर होते.

"असू दे, साहेब," ती म्हणाली, आणि मान खाली घालून त्याच्यासमोरून गेली.